मामांनी हँडल वर घेतलं

मामा गाडीवर बसण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारायचे. त्यात विशेष काही नाही, पुष्कळ लोक मारतात. पण मामा चक्कर मारताना गाडीकडे बघत नसत, आजूबाजूच्या माणसांकडे बघत. पारावर कोण बसलंय, कोणाची नजर खाली गेली, कोण उगाच हसलं, एवढं बघून झालं की मग खाली वाकून टायर दाबायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "हवा सोडली आसंल तर टायर सांगत न्हाई, पाव्हणं. सोडणाऱ्याचं तोंड सांगतं."

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात आणि सासरा जावयाला पाव्हणं म्हणतो, वर अहो-जाहो करतो. राहणार वडगाव रासाई, तालुका शिरूर, वस्ती भीमेच्या काठाला. त्यांचे वडील मेंढरं घेऊन पावसाळा संपला की कोकणात उतरत. मामांनीही पोरवयात ते केलं. पुढे उसाला पाणी आलं, कळप विकला गेला, वस्तीवर विटांची घरं उठली. मामा शेतकरी झाले, पण डोळा मेंढक्याचा राहिला. वडिलांनी त्यांना शिकवलं होतं की मेंढरं नुसती मोजून भागत नाही. आकडा बरोबर भरतो आणि जाडजूड मेंढरू जाऊन त्याच्या जागी रोडकं आलेलं असतं. म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर हात फिरवायचा. "हात लावल्याबिगर खरं न्हाई," हे त्यांचं वाक्य. ते त्यांनी मेंढरांपुरतं ठेवलं नाही, माणसांना, दुकानदारांना, डॉक्टरांना आणि सरकारी योजनांना सरसकट लावलं.

मलाही लावलं. मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. स्थळ बघून गेले तेव्हा मी तसं सांगितलं, मध्यस्थानंही सांगितलं. मामांनी मान डोलावली आणि दुसऱ्या आठवड्यात ते आमच्या कंपनीच्या गेटसमोर हिरव्या मिरचीची पाटी घेऊन बसले. शिफ्ट सुटताना मी बाहेर येतो का, कोणाबरोबर येतो, तोंडाला कसला वास येतो का, हे त्यांना स्वतः बघायचं होतं. मी मिरच्या घेतल्यासुद्धा. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला माणूस मी ओळखला नाही. लग्नानंतर त्यांनीच सांगितलं, "तुम्ही मिरच्या निवडून घेत होता, एक एक. तवाच म्हणलं, पोरगी द्यायला हरकत न्हाई. हा बी इस्वास ठेवत न्हाई कुणावर."

मला हे पुष्कळ दिवस कौतुक वाटलं. नंतर लक्षात आलं, ते खरंच होतं. मी आकड्यांवर विश्वास ठेवतो, ते हातावर ठेवत. बाकी आम्ही एकाच जातकुळीचे संशयी. वस्तीवर गेलो की मामी आम्हा दोघांना बघून म्हणत, "बसले पंच. आता दुधात पाणी कुणी घातलं त्ये निघंल."

त्यांच्याकडे स्पोर्ट बाईक कशी आली, तेही संशयातूनच. माझा मेहुणा पोपट, त्याने कॉलेज संपल्यावर हट्टाने ती घेतली. लालभडक, पुढून प्लास्टिकने मढवलेली, हँडलचे दोन दांडके खाली वाकलेले. पुढे त्याला चाकणला नोकरी लागली, लग्न झालं, चारचाकी आली आणि बाईक वडगावच्या गोठ्यात उभी राहिली. विकायची म्हटलं तर मामांना प्रत्येक गिऱ्हाईक चोर वाटे. एकजण गाडी चालवून बघतो म्हणाला, तर मामा त्याला चावी द्यायच्या आधी त्याची चप्पल काढून घेऊन बसले. नुसती उभी ठेवली तर कोणीतरी पार्ट काढून नेईल ही धास्ती होतीच. शेवटी मामा स्वतःच ती चालवायला लागले. आधी जुनी गिअरवाली स्कूटर होतीच, लायसन होतं, हिंमत तर कधीच कमी नव्हती.

ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपीवर हेल्मेट, आणि साठी ओलांडलेला उंच माणूस टाकीवर पालथा पडल्यासारखा वाकलेला. पारावरची मंडळी ओरडत, "मामा, पेट्रोलचा वास घेताय का काय?" मामा गाडी थांबवून उत्तर देत, "व्हय. तुमच्यातला कोण रोज नळी लावून काढतोय त्ये हुंगतोय." पारावर हशा व्हायचा, आणि हसणाऱ्यांत कोण जरा उशिरा हसला, हे मामा नोंदवून ठेवायचे.

पण गंमत फार काळ टिकली नाही. त्या गाडीवर बसणाऱ्याचं अर्धं वजन मनगटांवर येतं. विशी-पंचविशीत ते जाणवत नाही. मामांचे हात मुंग्या येऊन बधिर व्हायला लागले. वडगावहून शिरूरच्या बाजारापर्यंत जाईस्तोवर मान आखडे. रस्ता बघायला मान वर करावी तर पाठीतून कळ जाई, आणि मान खाली ठेवावी तर पुढच्या चाकापलीकडचं दिसत नसे. उसाच्या दिवसांत आमच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर झोकांड्या खात चाललेले असतात, त्यात चाकापुरतं बघून भागत नाही. शिरूरच्या डॉक्टरांनी मणक्याचा फोटो काढला आणि सांगितलं, असं वाकून गाडी चालवणं बंद.

पोपटला हे कळल्यावर तो म्हणाला, "आप्पा, विकून टाकू. तुम्हाला कुठं जायचं आसंल तर मी कुणाला तरी सांगतो, मागं बसून जा."

मामांनी त्या डॉक्टरांचं गाव विचारलं. ते पोपटच्या मित्राच्या गावचे निघाले. झालं. मामांच्या मनात सगळा कट जुळला.

"मागं बसून" या शब्दांनी खरा घात केला होता. मामा आयुष्यात कोणाच्या मागे बसले नव्हते. एसटीत बसले तरी ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा धरत आणि त्याच्या हातांवर नजर ठेवत. मोटारसायकलवर दुसऱ्याच्या मागे बसायचं म्हणजे आपली हाडं त्याच्या अकलेवर सोडायची, असं त्यांचं म्हणणं. मामी तर सांगत की लग्नाच्या वरातीतसुद्धा त्यांनी बैलगाडीचा कासरा दुसऱ्याच्या हातात दिला नाही. गाडी गेली असती तर बाजार, दौंडला लेकीकडे येणं, नदीपलीकडचं रान, सगळं कोणीतरी नेईल तेव्हा आणि नेईल तसं झालं असतं. ज्याचा कोणावर विश्वास नाही त्याला असं जगणं म्हणजे कोंडवाडाच. हे मला दिसत होतं, म्हणून मी बोललो, "मामा, गाडी नका विकू. हँडल वर घेऊ."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "हे तुम्हाला कोण म्हणलं?"

"कोणी नाही. मीच."

"आन् तुमचा काय फायदा यात?"

"तुम्ही दौंडला येत राहाल, एवढाच."

"हं," मामा म्हणाले. पटलेलं दिसत नव्हतं, पण नकारही नव्हता.

त्याच कंपनीच्या त्याच इंजिनाच्या एका साध्या मॉडेलला सरळ पाइपाचं उंच हँडल येतं. ते वरच्या प्लेटसकट बदलता येतं, एवढं मी चौकशी करून आलो होतो. प्रश्न होता किती वर आणि किती मागे. मी टेप घेऊन वस्तीवर गेलो. गाडी मधल्या स्टँडवर नव्हती, तिला तो नसतोच, म्हणून मामींना आणि सुरेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, दोन्ही बाजूंनी धरायला लावलं. मामांना सरळ बसवलं आणि त्यांची जुनी काठी त्यांच्या हातात आडवी दिली. म्हटलं, डोळे मिटा आणि काठी जिथे सुखाची वाटेल तिथे धरा. मामांनी एक डोळा मिटला. दुसरा मामींवर ठेवला, गाडी सोडतील म्हणून.

"दोन्ही मिटा की," मामी म्हणाल्या. "धरलीया मी. चाळीस वर्सं तुम्हाला धरलंय, ही काय जड हाय?"

मामांनी दोन्ही मिटले. खांदे खाली आले, कोपरं किंचित वाकली, काठी हवेत एका जागी स्थिर झाली. मी मोजलं. जुन्या दांडक्यापासून पाच इंच वर, अडीच इंच मागे. मामा डोळे मिटूनच म्हणाले, "आसं उभं ऱ्हायचो आम्ही मेंढरामागं. काठीवर हात, आन् नजर कळपाच्या वरनं. खाली बघून मेंढरं राखत न्हाईत."

शिरूरला गणा मिस्त्री म्हणून एकजण आहे. हात चांगला, तोंड त्याहून चालू. मामा गाडी घेऊन त्याच्या शेडमध्ये शिरले तेव्हा मी बरोबर होतो. गणाने गाडीच्या पार्टांवर बारीक गुलाबी ठिपके बघितले आणि विचारलं, "ह्ये काय हो मामा? गाडीला गोवर उठलाय काय?"

ते नातीचं नेलपॉलिश होतं. मिस्त्रीने चांगला पार्ट काढून घेऊन जुना बसवू नये म्हणून मामांनी आदल्या दिवशी ब्रेकपासून आरशापर्यंत खुणा करून ठेवल्या होत्या. गणा हसून लोळायचा राहिला. "मामा, तुमच्या गाडीचा पार्ट चोरून मी करू काय? आमच्या मंडळींच्या बांगड्यांत घालू?"

"हस, हस," मामा म्हणाले. "हसणाऱ्याचाच हात खिशात आसतो."

दिवसभर ते एका उलट्या क्रेटवर बसून होते. निघालेला प्रत्येक नट-बोल्ट टोपीत घेत आणि लागेल तसा एकेक देत. पाइप हँडल बसलं. ते उंच झालं की जुन्या केबल पुरत नाहीत, म्हणून क्लचची आणि एक्सिलेटरची लांब केबल घातली, पुढच्या ब्रेकचा पाइपही लांब घातला. शेवटी गाडी चालू करून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघायचं असतं. केबल कुठे ताणली तर गाडी आपोआप रेस घेते. गणाने वळवून दाखवलं. इंजिनाचा आवाज जागचा हलला नाही. मग मामांनी स्वतः वळवून बघितलं, मग मला वळवायला लावलं. घरी जाताना मी माझ्या गाडीवर त्यांच्या मागून येत होतो. माणूस ताठ बसला होता. न्हावऱ्यापर्यंत त्यांनी दोनदा मान वळवून आजूबाजूचं रान बघितलं. इतके महिने त्या रस्त्याने जाऊन त्यांना ते दिसलं नसणार.

वस्तीवर गाडीची पूजा झाली. नारळ मामींनी फोडला. आणि मामांनी घरातून काळ्या लोकरीचा दोरा आणला. हा दोरा त्यांच्या घरात मान असलेली गोष्ट. स्वतःच्या मेंढराची लोकर, स्वतःच्या हाताने चातीवर कातलेली. बाळाच्या कमरेला, कुत्र्याच्या गळ्यात, नव्या औताला तोच बांधतात, नजर लागू नये म्हणून. मामांचा जगात कशावर विश्वास नव्हता, पण त्या दोऱ्यावर होता. त्यांनी हँडलच्या मध्यभागी तो गच्च आवळून पाच-सहा वेढे दिले, मेंढक्याची गाठ मारली, जी ओढली की आणखी घट्ट होते. आम्ही हात जोडले.

चार दिवसांनी सुरेखाला वडगावहून फोन आला. मामा गाडीसकट कडब्याच्या गंजीत घुसले होते. लागलं काही नव्हतं. अंगणातून गोठ्याकडे डावीकडे वळताना गाडीने एकदम स्वतःहून उसळी मारली. कडबा होता म्हणून निभावलं. भिंत असती तर वेगळं लिहावं लागलं असतं.

मी गेलो तेव्हा मामा बाजेवर बसलेले. अंगावर कडब्याच्या पात्या तशाच, डोळ्यांत विजयासारखं काहीतरी. "बघितलंत? मी म्हणलो न्हवतो? मी निघताना पाच मिनटं लघवीला गेलतो तिथं. तेवढ्यात त्यानं डाव साधला. नवी केबल काढली, जुनी घातली."

"पण ठिपका?"

"पुसला."

मी गाडी चालू करून हँडल डावीकडे वळवलं. खरंच रेस वाढली, इंजिन किंचाळायला लागलं. मी टेप काढला. केबलला टाकीपासून वर जो ढिला बाक असायला हवा, तो मोजला. जवळजवळ दीड इंच कमी भरला. दोनदा मोजला, दोन्ही वेळा तेवढाच. मी जबाबदारीने सांगितलं, "मामा, केबल आखूड आहे." टेपचं दुसरं टोक सरकू नये म्हणून मी ते त्या काळ्या दोऱ्याखाली खोचलं होतं, हेही इथे सांगून टाकतो.

मग काय विचारता. पोपटचा चाकणहून फोन आला, "आप्पा, आता तरी विका. उद्या पुलावर आसं झालं तर?" मामी त्याच्या बाजूच्या झाल्या. मामा फोनवर एवढंच म्हणाले, "आधी चोर पकडतो, मग बघू." पण फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा उतरला. कारण गणा चोर निघाला तरी घरचे आता गाडी ठेवू देणार नव्हते, हे त्यांना कळत होतं.

गाडी टेंपोत घालून आम्ही शिरूरला गेलो. मामांनी शेडच्या दारातूनच सुरुवात केली. आजूबाजूचे दुकानदार गोळा झाले. गणा आधी हसला, मग "जुनी केबल" हे शब्द ऐकल्यावर त्याचं हसू गेलं.

"मामा, वयाचा मान ठेवतोय. चोर म्हणू नका."

"मग आखूड कशी? आमच्या पाव्हण्यांनी मोजलीय. केमिकल कंपनीत सायेब हायती."

गणाने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी टेप खिशात घातला. त्याने गाडी चालू केली, हँडल डावीकडे वळवून धरलं. इंजिन ओरडायला लागलं. "मला केबल बघू द्या नीट," तो म्हणाला आणि कटर घेऊन दोऱ्याकडे गेला.

"त्याला कटर लावायचं न्हाई!" मामा असे ओरडले की रस्त्यावरचे लोक थांबले. "त्यो आमच्या देवाचा हाय. मी सोडतो."

मामा वाकले. गाठ घट्ट बसली होती, नखाने उकलेना, शेवटी दाताने ओढली. गणा हँडल तसंच डावीकडे धरून उभा. एक वेढा सुटला, दुसरा सुटला. तिसरा सुटला तशी केबल हँडलपासून अलगद खाली घसरली आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. गाडी शांतपणे फुटफुटत राहिली. हँडल अजून पूर्ण डावीकडेच होतं.

मामांनी दोरा आवळताना केबल हँडलशी बांधून टाकली होती. खालचा सगळा ढिलेपणा वर ओढला गेला आणि गाठीत अडकला. गाडी वळली की केबल ताणायची. चोर कोणी नव्हता.

शेजारचा चहावाला पुढे येऊन म्हणाला, "काय झालं?" त्याला कोणी सांगेना. गणाला हवं ते बोलता आलं असतं आणि त्याचं तोंड उघडलंही. पण मामा सुटलेला दोरा खाली मान घालून बोटाला गुंडाळत होते, ते बघून तो एवढंच म्हणाला, "बांधा की मामा परत. पण आरशाच्या दांडीला बांधा. देवाला तिथनं बी दिसतं."

मामांनी तो बांधला नाही. खिशात ठेवला. मग गणासमोर उभे राहून, आजूबाजूचे सगळे ऐकत असताना म्हणाले, "तुला चोर म्हणलो मी. जगाच्या गाठी तपासल्या, माझी तपासली न्हाई." आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. आमच्याकडे त्या वयाचा माणूस टोपी काढतो ती देवापुढे. गणा गडबडून मागे सरकला आणि "ओ मामा, ओ मामा" करत त्याने ती घेऊन त्यांच्या डोक्यावर परत ठेवली.

घरच्यांचा विरोध त्या दिवशी मावळला. दोष गाडीचा नव्हता, हे मी पोपटला सगळी मापं देऊन फोनवर पटवलं. मामांना गाडी मिळाली आणि त्या उसाच्या हंगामात ती त्यांनी राजासारखी चालवली. हातांच्या मुंग्या गेल्या. मान दुखायची, पण कमी. दर बाजाराला शिरूर, अधूनमधून दौंड. आमच्या दारात गाडी लावून ताठ चालत आत यायचे आणि सुरेखाला म्हणायचे, "पाठ बोलली न्हाई गं आज."

संशय मात्र कमी झाला नाही. फक्त त्यात एका माणसाची भर पडली. आता ते स्वतःवरही नजर ठेवायला लागले. कडीला कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघत. पूर्वी असं दुसऱ्याने लावलेल्या कुलपाबाबत होई. गोठ्यात दावं बांधून झालं की मला म्हणत, "पाव्हणं, जरा बघा. मी बांधलंय." मामी कुरकुरत, "आधी लोकांना छळत होतं ह्ये माणूस, आता सोताला छळतंय." मला तेव्हा ते गमतीचं वाटलं.

पुढच्या हंगामात एका सकाळी त्यांचा फोन आला. माझी दुपारची शिफ्ट होती. म्हणाले, "कामात हायसा का? मी पुलाच्या अल्याड थांबलोय. या. येताना गाडी आणू नका, हेल्मेट आणा."

आवाज नेहमीसारखा होता, म्हणून मला जास्त शंका आली. वडापच्या जीपने गेलो. मामा भीमेच्या पुलाजवळ बाभळीखाली उभे, गाडी बाजूला नीट लावलेली, कुठे ओरखडा नाही. मी गाडी बघितली, त्यांचे हातपाय बघितले. "पडलात?"

"न्हाई."

"पाठ?"

"पाठीला काय धाड भरलीय." मग पुलाकडे हात करून म्हणाले, "पुलाच्या तोंडाला एक ट्रॉली डावीकडनं आली. मला तिचा आवाज आधी आला, आन् ती नंतर दिसली. आसं व्हत न्हाई. आधी दिसतं, मग ऐकू येतं. म्हणून थांबलो."

थांबून त्यांनी काय केलं असेल? तपासणी. पुलावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरांचे नंबर त्यांनी आधी एका डोळ्यावर हात ठेवून वाचले, मग दुसऱ्या. उजव्याने सगळे वाचता आले. डाव्याने मधला भाग दिसायचा, बाजूचं नाहीच. खात्री होईना म्हणून ऊन बदलेपर्यंत वाट बघून पुन्हा वाचले. तेच.

"कुणाला कळलं नसतं हे, मामा," मी म्हणालो.

"मला कळलंय की," ते म्हणाले आणि चावी माझ्या हातात दिली.

पुढे दौंडला डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. या वेळी मामांनी डॉक्टरांचं गाव विचारलं नाही. तीन-चार वर्षं ते आणखी होते, गाडी मात्र त्यांनी परत हातात घेतली नाही. मग एका उन्हाळ्यात ते गेले. गाडी अजून माझ्याकडे आहे. हँडल माझ्या मापाला थोडं उंच पडतं, पण मी ते खाली घेतलेलं नाही.

पण मला आठवतात ते त्या सकाळचे मामा. मी गाडीवर बसलो. मागची सीट त्या गाडीला उंच आणि वीतभर असते. मामांनी एकदा सीटकडे बघितलं, एकदा माझ्या पाठीकडे, आणि पायजमा सावरून चढले. माझ्या खांद्याला धरलं नाही. सीटखालची पट्टी धरली. मी गाडी काढली, जितक्या सावकाश निघते तितक्या सावकाश. थोडं अंतर गेलो असेन, तर खांद्यावर थाप पडली.

"थांबा."

थांबलो. मला वाटलं, पाठीत कळ आली असेल. मामा उतरले, पुढे आले आणि माझ्या तोंडासमोर उभे राहून हेल्मेटची काच स्वतः वर केली.

"त्यो ट्रॅक्टर येतोय. डावा डोळा झाका. नंबर वाचा."

मी झाकला. वाचला.

"आता उजवा. त्यो पांढरा टेंपो."

तोही वाचला. मामांनी टेंपो जवळ येईपर्यंत वाट बघितली, त्यांच्या चांगल्या डोळ्याने नंबर ताडून घेतला, मान हलवली. मग माझ्या हेल्मेटची काच खाली केली, मागे जाऊन बसले आणि या वेळी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले.

"चला," म्हणाले.

त्यानंतर दौंड येईपर्यंत वाटेत दोन वळणं आली, एक फाटक आलं, उसाचे कितीतरी ट्रॅक्टर आले. मामा एक शब्द बोलले नाहीत.